क्लिफ पॅलेसला मी ‘येतो’ का म्हणालो

प्रिय चिऊ,

तुझी प्रवासाची वही परवा गाडीच्या सीटखाली सापडली. ग्रेट सँड ड्यून्सच्या मेदानो ओढ्याची वाळू अजून तिच्या पानांतून गळते आहे. शेवटून दुसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस, ‘बाबा क्लिफ पॅलेसला “येतो” का म्हणाला? तिथे कोणी नव्हतं. आणि आपण तर जात होतो.’ खाली दोन रेघा ओढल्या आहेस, म्हणजे उत्तर हवंच आहे.

हे तू मला गाडीतही विचारलं होतंस. तेव्हा मी कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डेचा, म्हणजे क्लिफ पॅलेस आहे त्या पठाराचा, घाट उतरत होतो, एका बाजूला दरी, आणि ‘नंतर सांगतो’ म्हणून मी वेळ मारून नेली. मग ते राहूनच गेलं. आता रविवारच्या शाळेत तू जोडाक्षरंही वाचायला लागली आहेस, म्हणून मराठीतच लिहितोय. अडलं तर आईला विचार.

आधी सोपा भाग. आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. ‘गेला’ म्हणजे काय ते तुला माहीत आहे. माणूस वारला तरी आपण ‘गेला’च म्हणतो. म्हणून निघणारा म्हणतो ‘येतो’. मुलगी असेल तर ‘येते’. वाईला मी शाळेत निघालो आणि घाईत ‘आई, जातो गं’ म्हणालो, की आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘जातो नाही, येतो म्हण!’ तसं म्हटल्याशिवाय ती मला उंबरा ओलांडू द्यायची नाही. शाळा पाच मिनिटांवर होती, तरीसुद्धा.

संपणं, तुटणं, जाणं हे शब्द आपली भाषा शक्य तिथे तोंडावर येऊ देत नाही. देवापुढचा नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. रात्री दुकानदार दुकान वाढवतो. आजीच्या हातातली बांगडी पिचली की ती म्हणते, ‘बांगडी वाढवली.’ गणपतीला निरोप देताना आपण काय ओरडतो? ‘पुढच्या वर्षी लवकर या!’ वाईला कृष्णेत विसर्जन झालं की तिथलीच चिमूटभर वाळू पाटावर घेऊन आम्ही घरी यायचो. रिकाम्या पाटाने परतायचं नाही. इथे डेन्व्हरला आपण अंगणात बादलीत विसर्जन करतो आणि ती माती तुळशीच्या कुंडीत घालतो. ते काम दरवर्षी तूच करतेस.

एवढंच असतं तर तुला गाडीतच सांगितलं असतं. पण तुझा खरा प्रश्न वेगळा आहे. तिथे कोणी नव्हतं, मग मी कुणाला सांगत होतो?

तो दिवस आठव. ‘मेसा व्हर्डे’ म्हणजे स्पॅनिशमध्ये हिरवं टेबल, हे तूच मला पाटीवर वाचून दाखवलंस, आणि मला एकदम पाचगणीचं टेबल लँड आठवलं. वाईहून पसरणीचा घाट चढलं की पाचगणी. वर जांभ्या दगडाचं सपाट पठार आणि त्याच्या कडेखाली गुहा. लहानपणी तिथे बसून मला वाटायचं, इथेच घर केलं तर? आणि मेसा व्हर्डेला खरोखर लोकांनी तसं केलं होतं. आपण कड्याच्या टोकावरून खाली पाहिलं तेव्हा तू माझा हात घट्ट धरलास. कपारीत अख्खं गाव. क्लिफ पॅलेसमध्ये सुमारे १५० खोल्या आणि २३ किवा आहेत. किवा म्हणजे जमिनीत खणलेली ती गोल खोली, शिडीने उतरायची. ही कपार कुणी खोदलेली नाही. वरच्या वालुकाश्मातून पाणी झिरपतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटत जातात. पाण्यानेच त्यांना छप्पर करून दिलं आणि तेच पाणी कपारीच्या मागच्या भिंतीशी ठिबकत राहिलं, ते प्यायला.

रेंजरताईंनी आपल्याला एका भिंतीचा गिलावा जवळून दाखवला होता. दोन दगडांच्या मधे माती, त्या मातीत बारीक कपच्या दाबून बसवलेल्या, आणि कपचीशेजारी बोटाचा ठसा. तू तुझं बोट हवेतच त्याच्यासमोर धरलंस. हात लावायचा नाही हे तू लक्षात ठेवलंस, याचं मला फार कौतुक वाटलं. तो ठसा तुझ्या बोटाएवढाच होता. आजीच्या जुन्या घराची मागची भिंत अशीच होती, मातीने लिंपलेली. तिच्यावर आजीची चार बोटं अर्धगोल फिरलेली दिसायची. ती घरात नसली तरी भिंतीवर तिचा हात असायचा.

म्हणून ‘तिथे कोणी नव्हतं’ हे मला पटत नाही, चिऊ.

त्या पठारावर लोक इसवी सन ५५० च्या सुमाराला आले आणि सातशेहून अधिक वर्षं राहिले. बहुतेक काळ ते वरच राहत होते, मका, घेवडा आणि भोपळा पिकवत होते. कपारीतली घरं त्यांनी अगदी शेवटी बांधली, ११९० नंतरच्या ऐंशीएक वर्षांत. मग १२७६ पासून १२९९ पर्यंत मोठा दुष्काळ पडला. झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून हे कळतं. पावसाच्या वर्षी वर्तुळ रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. त्या छपरांच्या तुळयांनीच आपल्याला त्यांचा इतिहास सांगितला. नुसत्या दुष्काळाने ते उठले नाहीत. जमीन थकली होती, लाकूड आणि शिकार कमी झाली होती, माणसं वाढली होती, आपसांतले ताणही असतील. १३०० च्या सुमाराला सगळं पठार रिकामं झालं.

‘अनासाझी नावाचे लोक गूढपणे नाहीसे झाले’ असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असे. यातला ‘नाहीसे झाले’ हा शब्द चुकीचा आहे, आणि ‘अनासाझी’ हा शब्दही त्यांचा नव्हे. तो नाव्हाहो भाषेतला आहे, त्याचा एक अर्थ ‘प्राचीन शत्रू’ असा होतो. त्यांच्या वंशजांना तो आवडत नाही. हो, वंशज! न्यू मेक्सिकोत आज १९ पुएब्लो, म्हणजे त्या वंशजांची गावं, आहेत आणि अ‍ॅरिझोनात होपी लोक आहेत. ते सांगतात, आमचे पूर्वज कुठेही नाहीसे झाले नाहीत, दक्षिणेला चालत आमच्यापर्यंत आले. तू पाहिलेला तो दगडी पाटा, घासून घासून मधे खोलगट झालेला, तो एवढा जड की चालत निघालेल्या माणसाने नेलाच नसता. तो मागे राहिला, पण मका दळणारे हात पुढे गेले.

किवाच्या जमिनीत रेंजरताईंनी एक छोटं भोक दाखवलं होतं. त्याला सिपापू म्हणतात. पुएब्लो लोक मानतात की त्यांचे पूर्वज खालच्या जगातून या जगात वर आले, त्या जागेची ती खूण. मला ते फार आवडलं. ज्यांनी घरातच ‘येण्याची’ जागा कोरून ठेवली, त्यांच्या अंगणातून निघताना माझ्या तोंडून ‘जातो’ कसं निघणार?

आणि त्यांचं परत येणं खरोखर घडलेलं आहे. १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशेल्ड नावाचा तरुण स्वीडिश संशोधक तिथे आला. त्याने नीट नोंदी ठेवून खोदकाम केलं, पण भांड्यांबरोबर पुरलेल्या माणसांचे अवशेषही पेट्यांत भरून युरोपला पाठवले. पुढे ते फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात, हेलसिंकीला जाऊन पडले. बघ ना, कुठे ते ऊन, तो वालुकाश्म, आणि कुठे हेलसिंकी. होपी, झुनी, आकोमा आणि झिया या वंशजांनी मागणी लावून धरली आणि २०२० मध्ये २० माणसांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या २८ वस्तू परत आल्या. मेसा व्हर्डेच्याच मातीत त्यांना पुन्हा ठेवलं. १२९ वर्षांनी. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण हाडांची गोष्ट ऐकून तू रात्री तंबूत झोपली नसतीस.

त्यानंतर आपण न्यू मेक्सिकोतल्या ताओस पुएब्लोला गेलो. तुझ्या वहीत ताओसच्या पानावर फक्त पावाचं चित्र आहे, आणि पाव होताही तसाच, भट्टीतून काढलेला, हाताला चटका देणारा. पण त्या गावावर मी अजून थोडं बोलणार आहे. मातीच्या कच्च्या विटांची मजल्यावर मजला चढवलेली ती घरं आहेत. हजार वर्षांच्या आसपास तिथे सलग वस्ती आहे. जुन्या कोटाच्या आत आजही वीज नाही, नळ नाही. भिंतींना दरवर्षी माती आणि पेंढ्याचा नवा गिलावा देतात. तू विचारलंस, ‘मग इथे कोण राहतं?’ गाव दाखवणाऱ्या मुलीने सांगितलं की थोडी कुटुंबं बारमाही राहतात, बाकीच्यांची घरं कोटाबाहेर आहेत, पण सणाला सगळे या घरांत परत येतात. मला तेव्हा कोकण आठवलं. वर्षभर कुलूप असलेली घरं गणपतीला कशी उघडतात, मुंबईहून माणसं येतात, अंगण झाडून होतं, चूल पेटते, ते तू एकदा पाहायला हवंस.

गावाच्या मधून तो ओढा वाहतो ना, तू ज्याच्या काठाशी वाकून बसली होतीस? तो वर डोंगरातल्या ब्लू लेकमधून येतो. तो तलाव त्यांचं सगळ्यांत पवित्र स्थान आहे. १९०६ मध्ये सरकारने तो वनखात्याकडे घेतला. त्याच वर्षी मेसा व्हर्डेचं राष्ट्रीय उद्यान झालं, म्हणजे एकीकडे पूर्वजांची घरं जपायची ठरली आणि दुसरीकडे वंशजांचा तलाव काढून घेतला. याचा मला राग येतो, आणि तुला हे माहीत असावं असं वाटतं. ताओसच्या लोकांनी पैसे घ्यायचं नाकारलं. त्यांना तलावच हवा होता. ६४ वर्षं ते मागत राहिले आणि १५ डिसेंबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही करून ४८ हजार एकर जमीन तलावासकट परत दिली.

आता माझं. तू लिहिलं नाहीस, पण गाडीत म्हणाली होतीस, ‘आपण परत आलोच नाही तर ते खोटं होईल ना?’

होतं कधीकधी. मी अमेरिकेला निघालो तेव्हा आजीने माझ्या उजव्या हातावर दही ठेवलं आणि मी अण्णांच्या, म्हणजे तुझ्या आजोबांच्या, पाया पडून ‘येतो’ म्हणालो. ते म्हणाले, ‘सावकाश ये.’ दर दोन वर्षांनी मी गेलो आणि दर वेळी निघताना तेच म्हणालो. शेवटच्या खेपेलाही म्हणालो. त्यानंतर फोन आला, मी मिळेल त्या विमानाने निघालो, आणि पोचलो तेव्हा घरात दिवा लावून ठेवलेला होता. अण्णांना दिलेला माझा शब्द राहिला. पण आजीने मला एकदा सांगितलं, की त्या दोन वर्षांत अण्णा रोज संध्याकाळी कॅलेंडरशी उभे राहून म्हणायचे, ‘तो येतो म्हणालाय.’ मी त्यांना ‘जातो’ म्हटलं असतं तर त्यांनी त्या संध्याकाळी कशावर काढल्या असत्या?

‘येतो’ हा शब्द मागे राहणाऱ्यासाठी असतो, चिऊ. क्लिफ पॅलेसच्या शेवटच्या शिडीवर मी मागे वळलो, ऊन कपारीत शिरलं होतं, तो बोटाचा ठसा कुठल्या भिंतीत होता ते आता ओळखू येत नव्हतं, आणि तोंडातून ते आपसूक निघालं. त्या बोटाच्या माणसाला म्हणालो. थोडंसं अण्णांनाही.

तुझ्या वहीत अजून एक प्रश्न आहे, ग्रेट सँड ड्यून्सच्या ओढ्यात समुद्रासारख्या लाटा का येतात. ते सोपं आहे. प्रवाहाच्या तळाशी वाळूचे छोटे बांध तयार होतात, पाणी अडतं, बांध फुटतो की लाट निघते, आणि पुन्हा नवा बांध. तू तिथे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दर लाटेला किंचाळत होतीस, त्याचा व्हिडिओ आजीला पाठवला आहे. तिने तो शेजारच्या सगळ्यांना दाखवून झाला.

उद्या तुझ्या कॅम्पची बस सातला आहे. पाच दिवस तू पहिल्यांदाच आमच्याशिवाय राहणार आहेस. टॉर्चचे सेल बदलले आहेत. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निळ्या डब्यात आहे, बसमध्येच खा, कॅम्पवर बाहेरचं खाणं चालत नाही. सहाला उठवतो. दही आत्ताच विरजलंय, सकाळपर्यंत लागेल. उजवा हात धुऊन ये.

तुझा,
बाबा