आल्याचे औषधी उपयोग काय? रोज घ्यावं का, आणि ओलं बरं की सुंठ?

चहात पडतं तेवढं रोज पुरे. उपाशीपोटी रस पिऊन वजन उतरवायचं मनात असेल तर आल्याच्या भरवशावर राहू नका. मळमळीवर मात्र आल्यासारखं घरगुती औषध नाही. हे मी ठासून सांगते, कारण ह्यावरून आमच्याकडे महाभारत झालंय.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. थोरल्याच्या वेळी दिवस राहिले तेव्हा मला पाणीसुद्धा पचेना. शेजारच्या बेननी सुंठ, गूळ नि तुपाच्या बोराएवढ्या गोळ्या वळून आणल्या. सासूबाईंनी डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला. "पोटुशीला सुंठ देतात का? उष्ण पडेल!" नणंदबाईंनी री ओढली. दुपारी दोघी कलंडल्या की मी स्टुलावर चढून एक गोळी काढायची आणि चघळत बसायची. उलट्या पार थांबल्या असं नाही, पण पोटातली ती ढवळ बसली. वरणभाताचे चार घास आत राहू लागले.

आणि बाळंत झाल्यावर? त्याच सासूबाई पहिल्या घासाला सुंठ-तूप वाढत होत्या, डिंकाच्या लाडवातही सुंठच. रामनवमीला तर पोटुशी असो की आणखी कुणी, सुंठवडा सगळ्यांच्याच हातावर पडतो. तेव्हा उष्ण पडत नाही वाटतं!

आता तर अमेरिकेतली प्रसूतितज्ज्ञांची संघटनाही गरोदरपणातल्या मळमळीवर आलं हा एक पर्याय सांगते. अभ्यासांत साधारण दिवसाला 1 ग्रॅम सुंठपूड देतात, तीही तीन-चार वेळा विभागून. म्हणजे सगळी मिळून जेमतेम अर्धा छोटा चमचा. नणंदबाई अजूनही ऐकत नाहीत, तो भाग वेगळा.

ओलं की सुंठ, तर आलं वाळताना त्यातल्या जिंजरॉल ह्या तिखट द्रव्याचं शोगाओल होतं. ते जास्त जहाल, म्हणून सुंठ चिमूटभर लागते. औषधाला मी सुंठच घेते, वाटणाला ओलं. घसा धरला तर आल्याचा रस मधातून चाटा, बरं वाटतं. खोकला मुळातून जातो वगैरे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

हो, एक राहिलं. जास्त झालं तर छातीत जळजळतं, त्यामुळे पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी बेतानंच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा दिवस भरत आले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. नणंदेला नको.