लिलाव दाखवू नकोस

चेखवचं ‘चेरी ऑर्चर्ड’ हे नाटक (१९०४) पडद्यावर आणायचं म्हटलं की पहिला मोह होतो कर्जबाजारी जमीनदार कुटुंबाच्या चेरीबागेच्या लिलावाचा. तिसऱ्या अंकात घरात नाचगाणं चाललंय आणि बागेची बोली लागतेय तिकडे शहरात. कॅमेरा तिकडे न्यायला काय जातं? नेऊ नकोस. व्यापारी लोपाखिन येतो, ‘मी घेतली’ म्हणतो, घर सांभाळणारी वार्या कमरेच्या किल्ल्या काढून जमिनीवर फेकते, पुढे तो त्या उचलतो. क्लोजअप इथे खर्च कर. बोली आधीच दाखवलीस तर या किल्ल्यांत राम उरत नाही. संवाद मात्र बिनधास्त छाट, फक्त मालकिणीच्या भावाचं, गायेवचं, कपाटापुढचं भाषण सोडून (ते माझं लाडकं). दिग्दर्शक कोंचालोव्स्कीचा १९७०चा ‘अंकल वान्या’ही बघ, चेखवच्याच नाटकावरचा सिनेमा, बहुतेक वेळ घरातच घडतो, तरी कुठे नाटकी वाटत नाही.