दहापैकी चार गुणांची शाळा

तुझं पत्र दोनदा वाचलं. यजमानांना पश्चिम कॅन्ससमधल्या पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात जागा मिळते आहे, जे-वन ह्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणाच्या व्हिसानंतर दोन वर्षं मायदेशी परतायच्या अटीतून सूट हवी तर तिथं तीन वर्षं काम करणं भाग आहे, आणि तुझ्या पोटात गोळा आलाय तो शाळेच्या विचारानं. मोठा बारा वर्षांचा, धाकटी सहाची. गावच्या शाळेला कुठल्याशा संकेतस्थळानं दहापैकी चार गुण दिलेत. "ताई, मुलांचं नुकसान होईल का? त्यापेक्षा साठ मैलांवरच्या मोठ्या गावात घर घेतलं तर? हे रोज ये-जा करतील," असं विचारलं आहेस.

आम्ही २०१६ साली ह्याच वाटेनं इथं आलो. मुलगी तेव्हा दुसरीत होती, आता अकरावीत आहे. माझं मत विचारशील तर गावातच राहा. हिवाळ्यात बर्फाच्या वादळानं इथला हमरस्तासुद्धा बंद करतात, आणि रात्री अपरात्री हॉस्पिटलातून फोन येणाऱ्या माणसानं साठ मैलांवर राहू नये. पण मी केवळ रस्त्याकडे बघून हे सांगत नाही. शाळा नीट पारखून घे, फक्त त्या चार गुणांवरून पारखू नकोस.

आधी इथला कारभार समजून घे. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्याला सातारा-सांगलीसारखा जिल्हा डोळ्यांपुढे येतो, तसं इथं काही नाही. कॅन्ससमध्ये काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे भाग, १०५ आणि स्कूल डिस्ट्रिक्ट २८६. १९६३ च्या कायद्यानं गावोगावच्या सुट्या शाळा एकत्र आणून हे डिस्ट्रिक्ट बांधले, म्हणून प्रत्येकाच्या नावात 'युनिफाइड' हा शब्द आणि पुढे एक क्रमांक असतो. राज्यातल्या सगळ्यात मोठ्या शहराच्या, विचिटाच्या, डिस्ट्रिक्टमध्ये ४५ हजारांहून जास्त मुलं आहेत. आमच्याकडे बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळी मिळून तीनशेच्या आत. तरीही दोघांचे अधिकार सारखेच. दोघांना स्वतःचं बोर्ड, स्वतःचं अंदाजपत्रक आणि स्वतःचा सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचा मुख्य अधिकारी.

माझ्या बाबांनी पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी काढली. शिक्षकाची नेमणूक वरून, बदली वरून, पगार वरून. गावानं फार तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे निवेदन घेऊन जायचं. इथं टोपेकाला, राज्याच्या राजधानीत, दहा निवडून आलेल्या सदस्यांचं राज्य शिक्षण मंडळ आहे, ते अभ्यासाची मानकं आणि मान्यता बघतं. पण तुझ्या मुलाला गणित कोण शिकवणार, बस कुठल्या रस्त्यानं जाणार, आठवडा चार दिवसांचा करायचा का पाच, हे गावातली सात माणसं ठरवतात. बोर्डाचे सात सदस्य, मुदत चार वर्षांची, निवडणूक विषम वर्षांच्या नोव्हेंबरात, पक्षाचं चिन्ह नाही. आमच्या बोर्डावर सध्या तीन शेतकरी, एक बँकेतल्या बाई, एक निवृत्त शिक्षिका, एक नर्स आणि धान्याच्या एलेव्हेटरचा, म्हणजे कोठाराचा, मॅनेजर आहे. सुपरिंटेंडंटला हेच नेमतात आणि हेच काढतात. लहान डिस्ट्रिक्टमध्ये सुपरिंटेंडंट बऱ्याचदा प्राथमिक शाळेचा प्रिन्सिपलही असतो, आणि ड्रायव्हर आजारी पडला तर बसही चालवतो.

सभा महिन्यातून एकदा तरी व्हावीच लागते. आमची दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी शाळेच्या लायब्ररीत होते. घडीची टेबलं यू आकारात मांडलेली, प्रत्येकापुढे कागदांचा गठ्ठा, आणि समोर लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही चार-पाच पालक. ओपन मीटिंग्ज कायद्यामुळे सभा सगळ्यांना खुली असते. फक्त एखाद्या कर्मचाऱ्याचा विषय निघाला की आतली बैठक. त्यासाठीसुद्धा विषय कोणता, कारण काय आणि परत खुल्या सभेत किती वाजता यायचं हे आधी मोठ्यानं वाचून ठराव करावा लागतो. पहिल्यांदा मी गेले तेव्हा "पंधरा मिनिटं, आठ वाजून दहाला परत" असं म्हणून आम्हाला बाहेर काढलं. बाहेर बक्षिसांच्या कपाटापाशी आम्ही उभे, आणि सफाईचं काम करणारे आजोबा फरशी पुसता पुसता म्हणाले, "गणिताचे सर चाललेत वाटतं." आठ दहाला दार उघडलं, एकमतानं राजीनामा मंजूर झाला, आणि सभा पुढच्या विषयावर गेली, जिमच्या छपराच्या गळतीवर.

ते सर जानेवारीत गेले. मुलगी आठवीत होती. उरलेलं अर्धं वर्ष वर्गात एक मदतनीस बसायची आणि मुलं संगणकावर स्वतःची स्वतः बीजगणित शिकायची. पालकांना शाळेकडून पत्र आलं ते तीन आठवड्यांनी. माझा फार संताप झाला होता, आणि आजही वाटतं की ते पत्र दुसऱ्याच दिवशी यायला हवं होतं. लहान डिस्ट्रिक्टची खरी नाजूक बाजू हीच आहे. मोठ्या शाळेत गणिताचे आठ शिक्षक असतात, एक गेला तर सात उरतात. इथं एक गेला की विषयच गेला. नवा मिळता मिळत नाही, कारण तरुण शिक्षकाला ह्या ओसाड मुलखात घर, सोबत, जोडीदाराला नोकरी, सगळंच अवघड.

म्हणून म्हणते, चार गुणांपेक्षा हे विचार: गेल्या दहा वर्षांत सुपरिंटेंडंट किती झाले? आमच्याकडे आधी पाच वर्षांत तीन झाले होते, तेव्हा शाळेला काही धरबंदच नव्हता. आताच्या बाई सहा वर्षं टिकल्यात आणि फरक डोळ्यांना दिसतो. ह्या ऑगस्टला किती जागा रिकाम्या आहेत? वरच्या वर्गांचं गणित आणि रसायनशास्त्र खोलीत उभा राहून कोण शिकवतं, की पडद्यावरून शिकवतात? तुझा मुलगा दोन वर्षांत हायस्कूलला जाणार, त्याच्यासाठी हा प्रश्न सगळ्यात मोठा. धाकटीची मला अजिबात काळजी नाही. पंधरा-सतरा मुलांच्या वर्गात तिची बाई तिला आठवड्याभरात आतून-बाहेरून ओळखेल.

आता त्या गुणांबद्दल. राज्याची परीक्षा तिसरी ते आठवी आणि दहावीला होते, भाषा आणि गणिताची, आणि निकाल चार पातळ्यांमध्ये लावतात. मुलीच्या वर्गात सतरा मुलं. एक मूल म्हणजे जवळजवळ सहा टक्के. एका वर्षी दोन हुशार भावंडं गाव सोडून गेली आणि दुसऱ्या एका घरातली दोन मुलं इंग्रजीचा गंधही नसताना आली, तर शाळेचा आलेख कोसळल्यासारखा दिसतो. शिक्षक तेच, पुस्तकं तीच. शिवाय २०२५ पासून परीक्षाही बदलली आणि पातळ्यांच्या सीमाही, त्यामुळे त्याआधीचे आकडे नंतरच्या आकड्यांशेजारी ठेवताच येत नाहीत. राज्याच्या रिपोर्ट कार्डवर आधीची पाच-सहा वर्षं सलग बघ. दर वर्षी, दर वर्गात गणितच खाली असेल तर ती शाळेची दुखरी जागा आहे, ती मनावर घे. एखाद्याच वर्षी खड्डा दिसला तर सोडून दे.

पैशाचं गणितही थोडं समजून घे, कारण सभेत निम्मा वेळ त्यावरच जातो. राज्य दर मुलामागे पाच हजार डॉलरच्या वर मूळ रक्कम देतं, आणि त्यावर वेगवेगळे भार, म्हणजे जादा रकमा, चढतात. डिस्ट्रिक्ट १,६२२ मुलांपेक्षा लहान असेल तर त्याचा भार, गरीब घरातल्या मुलांचा, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा, अडीच मैलांहून लांब राहणाऱ्यांच्या बसचा. आणि मुलं मोजतात कधी, तर २० सप्टेंबरला. त्या दिवशी शाळेत लग्नघरासारखी लगबग असते. मला २०११ ची आपल्याकडची पटपडताळणी आठवते, बाबा तेव्हा निवृत्त झाले होते तरी गावातल्या शाळेत जाऊन बसले होते. इथं हे दर वर्षी होतं. तीनशेच्या शाळेत दहा मुलं कमी झाली तर एका शिक्षकाचा पगार गेला समज. तुझी दोन मुलं त्या पटावर येणार, तेव्हा गाव तुमची वाट बघत असेल हे मनापासून सांगते. सप्टेंबरात भारतात जायची तिकिटं काढू नकोस.

इमारतींचा खर्च मात्र बॉन्डनं, म्हणजे गावानं मतदान करून स्वतःवर कर लावून घ्यायचा. कर मिलमध्ये मोजतात, करपात्र मूल्याच्या दर हजाराला एक डॉलर म्हणजे एक मिल. राहत्या घराचं करपात्र मूल्य बाजारभावाच्या साडेअकरा टक्के. दीड लाखाच्या घरावर १७,२५० आलं, म्हणजे एका मिलला वर्षाला सव्वासतरा डॉलर. आठ मिलचा बॉन्ड आला तर आमच्या घराला १३८ डॉलर. पण ज्याची दोन-तीन हजार एकर जमीन आहे त्याला तोच बॉन्ड हजारांत पडतो, आणि गव्हाला भाव नसलेल्या वर्षी तो 'नाही' म्हणतो तेव्हा मला त्याचा राग येत नाही. आमचा पहिला बॉन्ड पडला. दुसऱ्यांदा सुपरिंटेंडंट बाई घरोघरी फिरल्या, ऑडिटोरियम वगळलं, छप्पर आणि विज्ञानाची प्रयोगशाळा ठेवली, तेव्हा पास झाला. राज्यानं पुरेसा पैसा द्यावा म्हणून इथल्या डिस्ट्रिक्टांनी २०१० मध्ये गॅनन नावाचा खटला भरला होता, त्यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१९ मध्ये आला, तरी न्यायालयानं २०२४ पर्यंत त्यावर लक्ष ठेवलं, आणि त्यातून शाळांना खरंच पैसे वाढवून मिळाले. विशेष शिक्षणाचा जादा खर्च राज्यानं ९२ टक्के उचलावा असा कायदा आहे, तो मात्र वर्षानुवर्षं पाळला जात नाही. तुझ्या धाकटीला स्पीच थेरपी लागते असं लिहिलंस म्हणून हे सांगितलं. लहान डिस्ट्रिक्ट मिळून ह्या सेवा सामाईक चालवतात, थेरपिस्ट आठवड्यातून एक-दोन दिवस येते. आत्ताच विचार की तिच्या वाट्याला किती मिनिटं येतील, आणि तिथले सगळे अहवाल, डॉक्टरांचे आणि शाळेचे, इंग्रजीत करून आण.

मुलाला काय मिळणार नाही तेही सांगते. रोबोटिक्स, फ्रेंच, अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीवर शिकवायचे, दहा-बारा विषय, हे विसर. मिळेल ते असं: कम्युनिटी कॉलेजचे, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजचे, कोर्स शाळेत असतानाच करता येतात. २०१२ च्या कायद्यापासून तांत्रिक विषयांची फी हायस्कूलच्या मुलांना राज्य भरतं. माझी मुलगी वेल्डिंग शिकली, मला आधी धक्काच बसला, आता तिनं केलेलं फाटक आमच्या अंगणाला आहे. ती बँडमध्ये आहे, व्हॉलीबॉलमध्ये आहे, वर्गाची खजिनदार आहे. सतरा मुलांत प्रत्येकाला सगळं करावं लागतं, लाजऱ्या मुलालाही मागे बसता येत नाही. अमेरिकन फुटबॉलसुद्धा इथं आठ जणांचा, कारण अकरा मुलं येणार कुठून?

जेवणाचं विचारलंस. इथल्या शाळांत चिलीसोबत सिनॅमन रोल देण्याची जुनी रीत आहे आणि त्या दिवशी मुलं नाचत जातात. चिलीत बीफ असतं. माझी लेक पहिलं वर्षभर नुसता रोल खाऊन यायची. मी ते स्वयंपाकघरातल्या बाईंना सांगितलं, तर पुढच्या वेळेपासून त्यांनी एका लहान पातेल्यात नुसत्या राजम्याची चिली बाजूला ठेवायला सुरुवात केली. आजही ठेवतात, आता आणखी चार मुलं तीच मागतात.

एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असेपर्यंत आपल्याला मत देता येत नाही, उभंही राहता येत नाही. सभेला जाऊन बोलता मात्र येतं. शिवाय प्रत्येक शाळेत पालक आणि शिक्षकांची साइट काउन्सिल असते, आपल्या शाळा व्यवस्थापन समितीसारखी. मी तिथं पाच वर्षं आहे. शिक्षक सोडून गेला तर पालकांना तीन दिवसांत कळवायचं, हा नियम आम्ही तिथून बोर्डाकडे नेला आणि तो मंजूर झाला.

आणि एवढं करून शाळा जमलीच नाही, तर २०२४-२५ पासून शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये जागा असेल तर तिथं प्रवेश मागता येतो. अर्ज जूनमध्ये, नेण्या-आणण्याची सोय तुमची तुम्ही. म्हणजे घर गावात ठेवूनही वाट बंद होत नाही.

तुम्ही जुलैत येताय ना? त्याआधी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला फोन करून बोर्ड क्लार्कला माग: गेल्या बारा महिन्यांची इतिवृत्तं आणि चालू अंदाजपत्रक. सार्वजनिक कागद आहेत, परदेशातून फोन आला म्हणून कोणी नाही म्हणणार नाही. इतिवृत्तांत राजीनामे मोज, आणि आतल्या बैठका किती वेळा झाल्या ते बघ. मला पाठव, आपण फोनवर एकत्र वाचू. आणि मुलांचे लसीकरणाचे कागद हातातल्या बॅगेत ठेव, सामानात टाकू नकोस.