शेवटची भाकर आणि विषाचे गोळे

पूर्वी गावात कुत्र्यामांजरांवर माया होती, ती आता आटली का, आणि कॉलनीतल्या मोकाट कुत्र्यांचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय. ही ‘पूर्वीची माया’ ऐकली की माझं डोकं तापतं, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव पारोळा तालुक्यातलं. रात्रीची शेवटची भाकर कुत्र्याची, हे माईने कधी चुकवलं नाही. खळ्यावर आमचा काळू होता. माल घरात येईपर्यंत वडिलांपेक्षा जास्त तोच जागायचा. मी पाचवीत असताना, 1988 च्या उन्हाळ्यात, गावात एक कुत्रं पिसाळलं आणि दोघांना चावलं. मग पिठाच्या गोळ्यांत विष घालून गल्लोगल्ली टाकलं. पिसाळलेलं कुत्रं तोवर नदीकडे निघून गेलेलं. सकाळी पाराजवळ अकरा कुत्री ताठ होऊन पडली होती, त्यात काळू. रोज भाकर घालणाऱ्या बायका दारातून बघत होत्या, माईसुद्धा. वडिलांनी काळूच्या पायाला सुतळी बांधली आणि त्याला ओढत उकिरड्यापलीकडे नेलं. मी मागे मागे गेले. मातीत उमटत गेलेली ती रेघ मला अजून दिसते.

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, म्हणून मांजर कोणी मारत नसे. डोळेही न उघडलेली पिल्लं गोणीत भरून बोरी नदीपलीकडे सोडून यायचे. ही भीती होती, माया नव्हे.

प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा 1960 पासून आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. खरा फरक 2001 च्या नियमांनी पडला. मारायचं नाही, नसबंदी करायची, लस टोचायची आणि होतं तिथेच सोडायचं. 2023 च्या नव्या नियमांतही तेच आहे.

सात वर्षांपूर्वी धुळ्यात, देवपुरात, आमच्या जिन्याखाली एक कुत्री व्याली. मे महिना. सहातली चार पिल्लं उन्हानेच गेली. उरलेली दोन लोकांनी नेली आणि कुत्रीचं ऑपरेशन मी पदरच्या पैशाने करून घेतलं. तेवढ्यात लग्नासाठी आप्पा, माझा थोरला भाऊ, गावाहून आला. नसबंदीची खूण म्हणून कापलेला तिचा कान बघून म्हणाला, “पाप लागी तुले.” भाकर घाल, पाणी ठेव, पण देवाच्या कामात हात घालू नको, असं त्याचं म्हणणं. रात्री बारापर्यंत आम्ही भांडलो.

लोक बदललेत, हे नक्की. पोरं उन्हाळ्यात दारोदारी पाण्याचे परळ ठेवतात, गाडीखाली आलेलं कुत्रं उचलून डॉक्टरकडे नेतात. आम्ही त्या वयात दगड मारायचो. पण रोज बिस्किटांचे पुडे फोडणारे आणि नसबंदीसाठी एक सकाळही न देणारे, यांना मी प्राणिप्रेमी म्हणणार नाही. ती आप्पाचीच भाकर आहे.

तुमच्या कॉलनीचं म्हणाल तर कुत्री उचलून लांब सोडू नका. जागा रिकामी झाली की दुसरी येतात, तीही नसबंदी न झालेली. नगरपालिकेकडे लेखी अर्ज द्या, पाठपुरावा करा, खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून दूर ठरवा. आणि हो, ज्याच्या लेकराला कुत्रं चावलंय त्याला निर्दयी म्हणू नका. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही. चावल्याबरोबर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, तिखट-चुना लावू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

मीटिंगमध्ये कोणीतरी ऑपरेशनला पाप म्हणणारच. त्याला विचारा, गेल्या वर्षीची पिल्लं कुठे आहेत? आप्पाच्या खळ्यावरची कुत्री वर्षातून दोनदा विते आणि तिथे आजही तीनच कुत्री आहेत. बाकीची कुठे गेली, हे मी त्याला त्या रात्री विचारलं होतं. अजून त्याने सांगितलेलं नाही.