दुसऱ्याच्या कल्पनेवर आधारलेले लेखन स्वतःचे म्हणता येते का?

हो, म्हणता येते. मात्र कल्पना कोणाची हे उघडपणे सांगितले पाहिजे. कॉपीराइटचे संरक्षण कल्पनेला नसून तिच्या मांडणीला असते, हे १९९४च्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातही नमूद आहे. पण श्रेय देणे हा कायद्याच्याही आधी सचोटीचा प्रश्न आहे. १८५८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसचा, नैसर्गिक निवडीतून सजीव कसे बदलत जातात यावरचा निबंध हाती पडला, तेव्हा त्याच विचारावर सुमारे वीस वर्षे काम करत आलेल्या डार्विनने तो दडवून ठेवला नाही. दोघांचे लेखन लंडनच्या लिनियन सोसायटीत एकाच बैठकीत वाचले गेले. उसन्या वाक्यातले चार शब्द बदलल्याने ते आपले होत नाही, हे मात्र आग्रहाने सांगावेसे वाटते. मूळ पुस्तक मिटून, जे समजले ते लिहून पाहावे, आणि जिथे पान पुन्हा उघडावे लागेल तिथे लेखकाचे नाव द्यावे.