बाहुल्यांच्या खेळाला नेलं आणि मूल रडलं

फोंड्याहून आलेल्या आईचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, आमचा बाबू भित्रा निघणार का हो?"

बाबू साडेतीन वर्षांचा, त्याची ताई सात वर्षांची. (कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सुट्टीत पणजीला बाहुलीनाट्याचा प्रयोग लागला होता. जाहिरातीत 'सहकुटुंब' लिहिलेलं, म्हणून आजीसकट सगळी गेली. दिवे गेले, ढोलकी कडाडली आणि पडद्याआडून लाल नाकाचा बाहुला एकदम वर आला. बाबूने किंकाळी फोडली ती थांबेचना. मागून कुणीतरी "बाहेर न्या हो त्याला" म्हणालं. बाबांनी उचलून बाहेर नेलं, तेही तणतणत. ताईला खेळ बघायचा होता, ती रुसली. महिना होत आला तरी बाबू रात्री कपाटाचं दार उघडं दिसलं की झोपत नव्हता. आणि ताईच्या हट्टापायी पुढच्या प्रयोगाची तिकिटं घरात येऊन पडली होती.

आजींचं मत वेगळं. "आम्ही जत्रेत दशावतारी काल्यातल्या संकासुर राक्षसाला बघून आईच्या पदरात शिरायचो. काय झालं आम्हाला?" आजींचं म्हणणं मला निम्मं पटतं. संकासुराला भ्यायलेली गोव्यातली आणि कोकणातली कितीतरी मुलं पुढे रात्र-रात्र दशावतार बघणारे रसिक झाली. पण तिथे पदर होता, हे विसरून चालत नाही. जत्रेत मूल पदरात शिरतं, बोटांच्या फटीतून बघतं, कंटाळलं की तिथेच झोपतं, आणि कुणी मागे वळून बघत नाही. बंद, काळोख्या नाट्यगृहात मात्र ठरलेल्या खुर्चीवर गप्प बसायचं असतं. साडेतीन वर्षांच्या मुलाला हा बदल मोठा असतो.

दोन ते सहा-सात या वयात मुलांना निर्जीव वस्तूही जिवंत वाटतात. चेहरा माणसासारखा पण हालचाल माणसासारखी नाही, अशी गोष्ट दिसली की बरीचशी मुलं बिचकतात. मुखवटे, मॉलमधले कार्टूनच्या वेषातले लोक, सांताक्लॉज, सगळ्यांच्या बाबतीत हेच. यात भित्रेपणा नाही.

घरातले सगळे बाबूला एकच सांगत होते : "अरे, ती खरी नसते, लाकडाची असते." त्याचा उपयोग होत नव्हता, कारण बाबूचा प्रश्न तो नव्हताच. माझ्यासमोर त्याने आईला विचारलं, "तो आपल्या घरी येतो?" बाहुला खरा की खोटा याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. तो आपल्यापर्यंत येऊ शकतो का, एवढंच त्याला कळून घ्यायचं होतं.

आणि हा प्रश्न त्याच्या डोक्यात एवढे दिवस कसा टिकला? खोदून विचारल्यावर आई जरा घुटमळली. मग म्हणाली, "जेवताना फार त्रास देतो. म्हणून मीच म्हटलं एक-दोनदा, पेज संपव, नाहीतर लाल नाकवाल्याला बोलावीन." एरवी आठवड्याभरात विरून गेली असती ती भीती रोज दुपारी ताटासमोर ताजी होत होती. मी तिला बोल लावला नाही. बागुलबुवा कुठल्या घरात नाही? फक्त तो त्या दिवसापासून बंद करायला सांगितला. आणि बाबूला स्पष्ट सांगायला लावलं : "मी उगाच म्हणत होते. तो कुणाच्या घरी येत नाही. खेळ संपला की पेटीत जातो."

पेटीची गोष्ट मग आम्ही करूनच बघितली. माझ्याकडे जुन्या मोज्याची बाहुली आहे, डोळ्यांच्या जागी दोन बटणं. ती हातात न घालता मी टेबलावर नुसती पडू दिली. बाबू लांबून बघत राहिला. मग मी मोज्यात हात घातला, पण बाहुलीला बोलू दिलं नाही. थोड्या वेळाने त्याने बोटाने एक बटण दाबून पाहिलं. शेवटी त्याने स्वतः ती हातात घातली, जांभई द्यायला लावली, बुटांच्या खोक्यात निजवली आणि झाकण लावलं. झाकण पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. हेच किती वेळ चाललं होतं. आत आपलाच हात आहे हे ठाऊक असूनही तो तिच्याशी बोलत होता! गंमत कळली म्हणून जादू जाईल ही पालकांची भीती अगदीच पोकळ आहे.

मी त्यांना आणखी एक सुचवलं. पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली की कुडाळजवळचं पिंगुळी फार लांब नाही. तिथले ठाकर कलावंत पिढ्यानपिढ्या कळसूत्री बाहुल्यांतून रामायणातल्या कथा सांगतात. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी उभारलेल्या कलाआंगणात बाहुल्या जवळून बघता येतात. दोऱ्या ढिल्या असल्या की रावणही मान टाकून लटकतो, हे मुलाने दिवसाउजेडी बघितलं की निम्मं काम होतं.

पुढच्या प्रयोगाबद्दल माझं सांगणं एवढंच होतं : दिवे चालू असतानाच आत जा, कडेची खुर्ची धरा, स्पीकरपासून लांब. पुढची रांग मोठ्यांना मानाची वाटते, लहानग्यांना तीच जड जाते. 'रडणार नाहीस ना?' असं कबूल करून घेऊ नका. 'नको वाटलं तर बाहेर जाऊ, हवं वाटलं तर परत येऊ' हे आधीच सांगा, आणि म्हणाल तसंच वागा. ताईबरोबर एक मोठं माणूस बसून राहील असं बघा, म्हणजे धाकट्यापायी तिचा खेळ बुडत नाही. आणि कृपा करून फोटोसाठी मुलाला बाहुल्याच्या अंगावर ढकलू नका. वीस मिनिटं बघितलं तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले समजा.

भीती कमी न होता सहा-सहा महिने टिकली, झोप, जेवण, बालवाडी सगळं बिघडायला लागलं, तर मात्र घरगुती उपायांवर न थांबता तज्ज्ञांना दाखवावं. बाबूचं तसं नव्हतं.

दुसऱ्या प्रयोगात तो दोनदा बाहेर गेला आणि दोनदा परत आला. शेवट त्याने बाबांच्या खांद्यावरून, अर्धं तोंड फिरवून बघितला. ताई म्हणे तरीही वैतागलीच. मग आईचा फोन आला : दिवाळीत पहाटे नरकासुराचा पुतळा जाळतात, त्या दहनाला नेऊ का? मी म्हटलं, यंदा रात्रीच्या मिरवणुकीला आणि दहनाला नको. वाड्यावरची मुलं सांगाड्यावर गवत बांधून कागद चिकटवत असतात ना, तेव्हा दुपारी न्या. जमलं तर खळीत बुडवलेला एक कागद त्यालाही चिकटवू द्या.