लूप समेवर का येत नाही?

प्रश्न : मी एकटाच गिटार वाजवून गातो. घरी लूप पेडलवर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं, पायाने दाबायचं यंत्र) सगळं जुळतं, पण कार्यक्रमात लूप फिरून आला की सांध्यावर अडखळतो. शिवाय एकावर एक रेकॉर्ड केलेले तीन-चार थर चढले की नुसता गलका होतो. काय करू?

उत्तर : अडखळण्याचं मूळ बहुतेक वेळा दुसऱ्या दाबात असतं. पहिल्या दाबाला रेकॉर्डिंग सुरू होतं, दुसऱ्याला लूपची लांबी ठरते आणि मग तीच लांबी गाणंभर फिरत राहते. १२० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीला, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. पाय दशांश सेकंद जरी उशिरा पडला, तरी दर आवर्तनाला तेवढीच फट ऐकू येते.

शेवटचा कॉर्ड वाजला की लगेच पाय दाबायचा मोह होतो. तसं करू नका. चार बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) लूप असेल तर पाय पडायला हवा पाचव्या बारच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, आणि तोवर हात थांबता कामा नये. दुसऱ्या दाबानंतर तुमचं पेडल नुसतं वाजवतं की थेट ओव्हरडब करतं, म्हणजे त्यावर नवा थर रेकॉर्ड करू लागतं, तेही पाहून घ्या. ओव्हरडब करत असेल तर समेवरचा कॉर्ड लूपमध्ये दुसऱ्यांदा बसतो आणि तिथेच आवाज फुगतो.

गिटार बाजूला ठेवून, मेट्रोनोम लावून नुसत्या पायाचा रियाज करा. टाच जमिनीवर, आणि पायात कार्यक्रमातलेच बूट. मला हा रियाज नव्या कॉर्डपेक्षा मोलाचा वाटतो. मंचावर लय चढतेच, म्हणून रेकॉर्ड करण्याआधी एक बार मनात मोजा.

आता गलक्याचं. सगळे थर एकाच सप्तकात वाजत असतील तर ते एकमेकांना गिळतात. खाली कॉर्ड असतील तर दुसरा थर सातव्या फ्रेटच्या वर, दोन-तीन तारांवरच वाजवा. गाण्याच्या साथीला दोन थर भरपूर झाले. लूपचा आवाज हाताखालच्या गिटारपेक्षा जरा कमी ठेवा. डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लूपरच्या, म्हणजे लूप पेडलच्या, आधी जोडा. नंतर जोडलंत तर सगळे थर एकत्र भरडले जातात. रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) मात्र लूपरनंतर, म्हणजे त्याची शेपटी सांध्यावर तुटत नाही. डिस्टॉर्शन अँपचंच वापरत असाल तर लूपर अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये (अँपवरची इफेक्ट जोडायची वेगळी जागा) टाका.

थांबण्याचाही सराव करा. एका स्विचच्या बऱ्याच पेडलांवर दोनदा झटपट दाबलं की लूप थांबतो. त्यातला दुसरा दाब समेवर पडला पाहिजे.